सात नंबरची नळी

सरकीचा ढीग आतून तापतो, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना सहसा पटत नाही. म्हणून आधी तेवढे सांगतो. कापसातून रुई वेगळी काढली की मागे जी बी उरते, ती सरकी. तिच्यात थोडा जरी ओलावा राहिला आणि तिचा उंच ढीग घातला, तर ढिगाच्या पोटात ऊब धरते. त्या उबेला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती वाढतच जाते. वरून हात लावावा तर सरकी गार लागते. आत मात्र ती कोमट होते, मग गरम होते, तिचे तेल खवट होते, रंग काळवंडतो, आणि तरीही कोणी लक्ष दिले नाही तर ती धुमसू लागते. ढिगाकडे नुसते पाहून त्याच्याविषयी काहीही सांगता येत नाही.

माझे काम तेच सांगण्याचे होते.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. मी रिठदचा, वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. विज्ञानाची पदवी घेऊन घरी बसलो होतो, तेव्हा वाशीमच्या बाहेर असलेल्या एका जिनिंग कारखान्यात नवीन यंत्र बसवले असून ते चालवायला शिकलेला माणूस हवा आहे, असे कळले. मी गेलो आणि मला ठेवून घेतले. पहिल्या दिवसापासून तिथे सगळे मला ‘मास्तर’ म्हणू लागले. मी तेव्हा कोणालाही शिकवत नव्हतो. माझ्या बोलण्याची ढबच तशी असावी.

यंत्र साधे होते. मोठ्या ढिगात बारा लोखंडी नळ्या खोल रोवलेल्या होत्या. प्रत्येक नळीच्या टोकाशी उष्णता जाणणारी तारेची एक बारीक गुंडाळी होती. नळीच्या डोक्यावरच्या डबीतून काळी वायर निघे आणि खांबांवरून माझ्या खोलीतल्या पेटीपर्यंत येई. पेटीवर डाव्या हाताला एक ते बारा आकड्यांची चावी, मध्ये काट्याची तबकडी, उजवीकडे अंशांची मोठी चकती. वाचन घेण्याची रीत अशी होती. प्रथम चावी ‘तपासणी’च्या खुणेवर आणायची, बटण दाबायचे आणि काटा लाल रेघेवर येतो की नाही ते पाहायचे. तो आला तरच पुढे जायचे. मग चावी एक नंबरवर. बटण दाबले की काटा एका बाजूला झुके. उजवीकडची चकती हलक्या हाताने फिरवत काटा बरोबर मध्यावर आणायचा, आणि तो स्थिर झाला की चकतीवरचा अंश वाचायचा. घाई केली तर काटा मध्य ओलांडून पलीकडे जातो. घाई करू नये, हे मी स्वतःला रोज बजावत असे.

वाचन मी आधी दगडी पाटीवर लिही. बाराही वाचने झाली की शाईने रजिस्टरात उतरवी आणि ओल्या फडक्याने पाटी पुसून ठेवी. ही सवय वडिलांची. रजिस्टरात खाडाखोड नको, असा त्यांचा दंडक होता. शिवाय प्रत्येक नळीचा आलेख मी चौकटीच्या कागदावर काढून भिंतीला लावला होता. बारा कागद, बारा निळ्या रेघा. कोणी पाहुणा कारखाना पाहायला आला की शेठजी त्याला माझ्या खोलीत आणत आणि म्हणत, “पाहा, हे आमचे मास्तर. ढिगाची नाडी बसल्या जागी पाहतात.”

माझ्याआधी ही नाडी पाहणारा एक माणूस होता. त्याला सगळे ‘मामा’ म्हणत. वय साठीच्या आसपास, अंगाने सडपातळ, डोक्याला मळकट फेटा, कानावर विडी. जऊळक्याहून पहाटेच्या पॅसेंजरने यायचा. त्याच्याजवळ पुरुषभर उंचीची एक लोखंडी सळई होती. ती तो ढिगात खुपसून काही वेळ तशीच ठेवी, मग उपसून तिच्यावरून हाताची उलटी बाजू फिरवी, आणि शेवटी टोक गालाला लावी. “तीन हातावर ऊब हाये, त्याच्या खाली गार,” असे सांगे. ऊब किती खोलीवर आहे, हे माझ्या पेटीला कधीच सांगता आले नाही. नळीचे टोक जिथे असेल, तेवढ्याच जागेचे तिला कळे.

पेटी आल्यावरही मामाची सळई चालूच राहिली. तो माझ्यावर रागावलेला नव्हता. पेटीपुढे उभा राहून कौतुकाने काटा पाही.

“मास्तर, हा काटा थरथरून काहून राह्यला?”

“अजून मध्यावर यायचा आहे, मामा.”

“मंग ठीक. मले वाटलं, तुमाले पाहून भेला.”

एका दुपारी मी तीन नंबरचे वाचन घेतले तर ते एकदम पन्नासच्या वर. मी धावत शेठजींकडे गेलो. कामगारांना हातातली कामे सोडून बोलावले गेले आणि निम्मा ढीग उपसला. सरकी गारच होती. शेवटी नळीच्या डोक्यावरची डबी उघडली, तर आत वायरचा स्क्रू ढिला झालेला. जोड ढिला झाला की वाचन खोटे आणि जास्त येते, हे पेटीबरोबरच्या पुस्तिकेत लिहिले होते. वाचन संशयास्पद वाटल्यास आधी डबी उघडून स्क्रू आवळावा आणि पुन्हा वाचन घ्यावे, हेही तिथेच लिहिले होते. मी ते पाठ केले होते, पण प्रत्यक्ष केले नव्हते.

त्यातून दोन गोष्टी झाल्या. शेठजी जैन होते. सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नसत. हिवाळ्यात शेवटचे वाचन साडेचारला होई, पाचला मी रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवी, ते सही करत आणि जेवायला घरी जात. त्या दिवशी ढीग उपसेपर्यंत दिवस मावळला. त्यांनी आकाशाकडे पाहून टोपी नीट केली आणि उपाशी घरी गेले. आणि सरकी भरणाऱ्या बायांची जी मुकादमीण होती, ती दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, “काहो मास्तर, कालचा ताप ढिगाले होता का तुमच्या पेटीले? अंगारा आनू का उतराले?” बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मामाही हसला.

मला ते हसणे लागले. स्क्रू ढिला का झाला, असे शेठजींनी विचारल्यावर मी म्हणालो, “मामा सळई खुपसतात, तिचा धक्का नळीला बसत असावा.” ‘असावा’ असे मी म्हणालो. असे झाल्याचे मी पाहिले नव्हते. शेठजींनी मामाला सळई बंद करायला सांगितले आणि पोती शिवायला बसवले. मामाने सळई भिंतीला टेकवून ठेवली. मला म्हणाला, “बरं झालं, मास्तर. आता माह्या गालाले आराम.”

त्यानंतर दहाबारा दिवस गेले. बाराही नळ्या एकतीस ते चौतीस अंशांच्या दरम्यान असत. मग तो दिवस आला.

साडेचारला मी वाचनाला बसलो. तपासणी घेतली, काटा लाल रेघेवर आला. एक ते सहा नेहमीप्रमाणे. सात नंबरवर चावी आणली, बटण दाबले, चकती फिरवू लागलो. काटा मध्यावर येईना. तो आला तेव्हा चकती सेहेचाळीसवर होती. मी बटण सोडले, पुन्हा दाबले. सेहेचाळीस. पाटीवर लिहिले: सात — ४६.

पुढे काय करायचे, ते मला पूर्ण माहीत होते. ढिगावर चढायचे, डबी उघडायची, स्क्रू आवळायचा, खाली येऊन पुन्हा वाचन घ्यायचे. वीस मिनिटांचे काम. स्क्रू ढिला नसेल तर शेठजींना सांगायचे. पण खिडकीतून बाया पोती उचलताना दिसत होत्या, आणि हातात पाना घेऊन मी ढिगावर चढलेला त्या पाहणार होत्या. उन्हे कलती झाली होती. पुन्हा एकदा खोटी आरोळी ठोकून मी शेठजींना उपाशी ठेवणार होतो. आणि एक तिसरी गोष्टही होती, जी मी कोणाजवळ बोललेलो नाही. हायस्कुलात असताना आम्ही गरम पाणी निवण्याचा प्रयोग करत असू. दर मिनिटाला तापमान लिहायचे आणि आलेख काढायचा. एखादा बिंदू रेघेबाहेर गेला की आम्ही तो खोडरबराने पुसून रेघेवर आणून ठेवत असू. अशा आलेखांना मला नेहमी दहापैकी दहा गुण मिळाले. गुळगुळीत रेघ म्हणजे खरी रेघ, हे मी तिथे शिकलो होतो. कोणी तसे शिकवले नव्हते, तरीही.

ढिला जोड असणार, मी मनाशी म्हणालो. उद्या सकाळी आवळू. आणि रजिस्टरात सात नंबरपुढे चौतीस लिहिले. मग फडके भिजवून पाटी पुसली. आलेखावर बिंदू मांडला. रेघ सुरेख आली.

शेठजींनी सही केली आणि वेळेत जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात पोहोचलो तेव्हा अंगणभर धूर होता. बादल्या रिकाम्या पडल्या होत्या, ओल्या काळ्या सरकीचा चिखल झाला होता आणि भाजल्या तेलाचा वास नाकात बसत होता. सात नंबरच्या नळीच्या आसपासचा ढीग पोटातून जळला होता. नळीचे टोक त्या जागेच्या कडेला होते. मधली उष्णता सेहेचाळीसाहून कितीतरी जास्त असणार, हे मला तिथे उभ्या उभ्या समजले. सगळा ढीग मात्र गेला नव्हता. पहाटेच्या गाडीने आलेल्या मामाला फाटकातच वास आला होता. त्याने भिंतीची सळई घेतली, ढिगात खुपसली, गरम जागा शोधली आणि एकट्याने फावड्याने तिथली सरकी ओढायला सुरुवात केली. आत हवा गेली तसा जाळ वर आला. त्याने आरडाओरडा केला, म्हणून चौकीदार धावला आणि उरलेला ढीग वाचला.

शेठजी आले. त्यांच्यापुढे मामा उभा होता. सळई हातात, भुवया जळालेल्या. कानावर विडी होती. खिशात काडेपेटी होती. ती चौकीदाराने काढून दाखवली.

“तुला सळई बंद केली होती. मग इतक्या सकाळी ढिगाशी काय करत होतास?”

“वास आला, शेठजी. सरकी भाजल्याचा. जाऊन पाह्यलं.”

“विडी ओढत गेलास?”

“नाई जी. देवाशपथ. ढीग आतूनच तापेल होता.”

शेठजींनी रजिस्टर मागवले. मी आणले. त्यांनी कालचे पान उघडले. ते अन्यायी गृहस्थ नव्हते. समोर जे लिहिलेले होते, त्यावरून ते विचार करत होते. “संध्याकाळी चौतीस. एका रात्रीत चौतिसाची आग होत नाही. म्हणजे आग बाहेरून आली.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, हे वाचन बरोबर आहे ना?”

मामानेही माझ्याकडे पाहिले. त्याच्या पाहण्यात आरोप नव्हता, आशा होती. “हो मास्तर, तुमीच सांगा. तुमची पेटी काल काय सांगत होती?”

मी म्हणालो, “नोंद आहे, शेठजी.” आणि मामाला वाचता येत नाही हे ठाऊक असूनही, रजिस्टर त्याच्यापुढे धरून चौतीस या आकड्यावर बोट ठेवले.

तो खाली वाकला. माझ्या बोटाखालचा आकडा त्याने नीट न्याहाळला, जसा तो काटा न्याहाळीत असे. मग सरळ होऊन म्हणाला, “मंग माहीत नाई बा.” त्याच दिवशी त्याला कामावरून काढले. सळई तो बरोबर घेऊन गेला. ती त्याची स्वतःची होती.

दोन आठवडे मी रोज वाचने घेतली, आणि ती अचूक घेतली. आलेखांचे कागद भिंतीवरून काढून टाकले. का काढले, ते कोणी विचारले नाही. तिसऱ्या रविवारी पॅसेंजरने जऊळक्याला उतरलो. मामाला सगळे सांगायचे, असे ठरवून गेलो होतो. गाडीत वाक्येही जुळवली होती. तो अंगणात दोरखंड वळत बसला होता. मला पाहताच उठला, खाट झटकली, घरात हाक मारली, “अवो, मास्तर आले! च्या टाक!” त्याच्या कपाळावर भुवयांचे नवे बारीक केस उगवत होते.

मी म्हणालो, “मामा, त्या दिवशीच्या वाचनात गडबड होती.”

“गडबड? म्हंजे पेटीनं खोटं सांगतलं काय?”

इथे माझे वाक्य तयार होते: पेटीने खरे सांगितले होते, खोटे मी लिहिले. ते ओठांपर्यंत आले. समोर त्याची बायको चहा घेऊन उभी होती. मी म्हणालो, “यंत्राचं तसं असतं, मामा. कधी कधी.”

त्याचा चेहरा उजळला. “पाहा! मी म्हनतच होतो, मास्तर खोटं लिवनार नाई. मंग एक काम करा. हे कागदावर लिवून द्या. शेठजी मानसाचं आयकत नाई, कागदाचं आयकते.”

मी खिशातून कागद काढला आणि त्याच्या खाटेवर बसून लिहिले. ते पत्र मला अजून शब्दशः आठवते. “सदर दिवशी सायंकाळी घेतलेल्या वाचनात यंत्राच्या मर्यादेमुळे अल्पशी तफावत असण्याची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही. संबंधित कामगाराने अनेक वर्षे इमानाने सेवा केली असल्याने त्याचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.” खाली सही केली. मामाने ते मोठ्याने वाचायला सांगितले. मी वाचले.

“लय बेस लिवलं, मास्तर,” तो म्हणाला. “समजलं काई नाई, पन बेस वाटलं.” त्याने कागदाची घडी केली आणि फेट्यात खोवली.

सोमवारी तो कारखान्यात आला. शेठजींनी मला बोलावले. मामा दाराबाहेर चपला काढून उभा होता. त्याला आतले सगळे ऐकू येत होते. शेठजींनी पत्र दोनदा वाचले. “मास्तर, तफावत म्हणजे किती अंशांची?”

बारा अंशांची, हे उत्तर होते. मी ते कधीही विसरलो नाही. मी म्हणालो, “एखाद दुसऱ्या अंशाची.”

“एखाद दुसऱ्या अंशानं सरकी जळत नाही.” त्यांनी पत्र परत केले. मामाने ते दोन्ही हातांनी घेतले, पुन्हा घडी करून फेट्यात खोवले आणि जाताना माझ्या खांद्याला हात लावून म्हणाला, “जाऊ द्या, मास्तर. तुमी तुमचं केलं.”

हंगाम संपताच मी ती नोकरी सोडली आणि पुढे मंगरुळपीरकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागलो. प्रयोगवहीत एखादा बिंदू रेघेबाहेर दिसला तर मी गुण कापत नसे; पुन्हा वाचन घ्यायला लावी. विद्यार्थी मला काटेकोर म्हणत. ते ऐकताना मी खिडकीबाहेर पाही.

दशक संपत आले असताना एका बाजारच्या दिवशी मी शेलूबाजारला गेलो होतो. जीपच्या टपावर पोती चढवून दोरखंड आवळणाऱ्या माणसाने वरूनच हाक मारली, “ओ मास्तर!” मामा होता. म्हातारा झाला होता, पण गाठ अजून घट्ट मारत होता. तो खाली उतरला आणि हाताला धरून मला चहाच्या दुकानात घेऊन गेला. तिथे बसलेल्या चारपाच जीपवाल्यांना म्हणाला, “हे पाहा माहे मास्तर. साऱ्या कारखान्यात येकच मानूस माह्यासाठी कागदावर उतरला. शेठनं आयकलं नाई, ते माहं नशीब. पन यायनं लिवून देल्लं.”

जीपवाल्यांनी माझ्याकडे आदराने पाहिले. एकाने सरकून जागा दिली.

“कागद अजूनबी ठेवेल हाये घरी,” मामा म्हणाला. “नात चौथीत हाये आता. परवा तिनं वाचून दाखवला. मले म्हने, आबा, याच्यात त काईच नाई लिवलं.” तो मोठ्याने हसला. “मी म्हटलं, चूप बस. तुले काय समजते? मास्तरची भाषा हाये ते.”

चहा आला. तो पैसे देऊ देईना. मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यालो, निरोप घेतला आणि बसमध्ये जाऊन बसलो.

चौथीतल्या त्या मुलीचे वाचन बरोबर होते. तिला समजेल असे, तेव्हा खाटेवर बसून लिहायला हवे होते ते, आता लिहितो: त्या संध्याकाळी पेटी नीट चालत होती. तुझ्या आबांनी आग लावली नाही. सात नंबरच्या नळीचे वाचन सेहेचाळीस होते आणि मी चौतीस लिहिले.